मेंदूतली किरच : काढायची की राहू द्यायची?

१९१७ साली बेल्जियममध्ये पाशेनडेलची लढाई पेटली होती. आघाडीमागच्या तंबूंतल्या रुग्णालयात अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग मेंदूत किरचा घुसलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. फक्त जखमेपुरती जागा बधिर करायची, मऊ रबरी नळी किरचेच्या वाटेनेच आत सोडायची आणि चेंदामेंदा झालेला मेंदू, हाडाचे कण अलगद ओढून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. एकदा पोलादाचा एक तुकडा काही केल्या हाती लागेना. तेव्हा छावणीतलाच खिळा घेतला, टोक बोथट केलं, निर्जंतुक करून जखमेत सरकवला आणि वरून मोठं विद्युतचुंबक टेकवलं. खिळा बाहेर आला तो किरच घेऊनच! तीन महिन्यांत त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण ५४.५ टक्क्यांवरून २८.८ टक्क्यांवर उतरलं, तेही पेनिसिलिन नसताना. या कामाला माझ्या मते तोड नाही.

पुढे मात्र या अलगदपणाच्या उलटंच झालं. आत राहिलेल्या तुकड्याभोवती पू धरेल, या धास्तीने कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत हाडाचे कणही शोधून काढले जात, त्यासाठी कवटी पुन्हा उघडली जाई. त्यात धड असलेला मेंदूही दुखावे.

१९७१ मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला आणि तुकडा नेमका कुठे आहे ते दिसू लागलं. १९८२च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सर्जननी हाताशी येतील तेवढेच तुकडे काढले, खोलवरचे राहू दिले. काही वर्षांनी त्या रुग्णांना तपासलं, तेव्हा राहिलेल्या तुकड्यांचा फिट्सशी संबंध आढळला नाही. इराण-इराक युद्धातल्या अनुभवातून जंतुसंसर्गाचं मोठं कारणही पुढे आलं : जखमेतून गळणारं मेंदूतलं पाणी, म्हणजे मेंदूच्या आत-बाहेर असणारा द्रव.

म्हणून "गोळी काढली का?" या नातेवाइकांच्या प्रश्नाला आज "नाही" हे उत्तरही योग्य असू शकतं. तुकडा सरकत असेल, पू झाला असेल किंवा पाण्याची वाट अडली असेल, तर तो काढावाच लागतो. नेव्हिगेशनमुळे, म्हणजे स्कॅनच्या आधारे संगणक वाट दाखवतो त्या तंत्रामुळे, कवटीला लहानसं छिद्र पाडून तिथवर जाता येतं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत असेल तर दुर्बिणीनेही. पण त्या पोकळीत गोळी डोक्याच्या कलाप्रमाणे जागा बदलते. कालच्या स्कॅनवर भिस्त ठेवून चालत नाही. रुग्णाला टेबलावर झोपवल्यावर, छिद्र पाडण्याआधी, पुन्हा एक्स-रे घ्यावा लागतो.