वय वाढलं की माणूस चिडका होतो?

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आजोबांच्या रागाचं खापर आपण वयावर फोडतो. संशोधन उलटंच सांगतं: वयाबरोबर राग सरासरीने कमी होतो. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मतभेदाच्या विषयावर बोलताना साठीतली जोडपी चाळिशीतल्यांपेक्षा कमी भडकली, उलट वाद चालू असतानाही एकमेकांशी मायेने वागली.

मग चहा कोमट आला म्हणून आजोबा कडाडतात, ते? तिथे वय नाही, मान बोलतो. जपान आणि अमेरिकेची तुलना करणाऱ्या 2013च्या एका अभ्यासात अमेरिकेत खालच्या सामाजिक स्थानावरची माणसं जास्त राग दाखवत होती, तर जपानमध्ये वरच्या स्थानावरची. आपल्याकडेही बघा ना, कप आजोबांनी आपटला तर ‘त्यांचा स्वभावच तसा’, सुनेने आपटला तर उद्धटपणा! तिचा राग नसतो असं नाही, तो भांड्यांच्या आवाजात जिरतो.

मात्र शांत माणूस अचानक चिडका झाला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. अंगदुखी, झोपमोड, नैराश्य, क्वचित स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. डॉक्टरांना दाखवा, आणि कानही तपासून घ्या. ऐकू न आल्याने होणारी चिडचिड घरोघरी आहे.