मंदीवर सामान्यांचे उतारे

काळ वाईट आला की राज्यकर्त्यांच्या टपालात न मागितलेले उपाय येऊ लागतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या स्पेनमध्ये राजाला अशी निवेदने पाठवणाऱ्यांना ‘आर्बित्रिस्ता’ म्हणत. ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्व्हांतेसनेही त्यांची टिंगल केली. पण त्यांच्यातलाच एक वकील, गोन्साल्येस दे सेयोरिगो, याने १६०० साली बजावले की अमेरिकेतून वाहत येणाऱ्या सोन्याचांदीमुळेच देश गरीब होतो आहे. कष्टातून संपत्ती निर्माण होते याचा लोकांना विसर पडला आहे. निदान अचूक होते.

पुढच्या शतकांत प्रश्न बदलला. माल आहे, काम मागणारे हात आहेत, मग पैसा मधेच कुठे अडतो? ओहायोतील दगडखाणमालक जेकब कॉक्सी १८९४ साली बेकारांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला गेला. सरकारने ५० कोटी डॉलरच्या नोटा काढून बेकारांकडून रस्ते बांधून घ्यावेत, ही त्याची मागणी. संसदेच्या हिरवळीवर पाय ठेवल्याबद्दल त्याला अटक झाली. चाळीस वर्षांनी, महामंदीत, त्याच सरकारने लाखो बेकारांना रस्त्या-पुलांच्या कामांवर घेतले.

ब्युनोस आयर्समध्ये व्यापार करणारा जर्मन सिल्व्हिओ गेझेल आणखी खोलात गेला. धान्य सडते, लोखंड गंजते, पैसा मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणून पैसेवाला थांबू शकतो आणि विकणारा थांबू शकत नाही. तेव्हा पैशालाही झीज हवी, असे त्याने मांडले. ऑस्ट्रियातील व्योर्गल या लहान गावाचा महापौर उंटरगुगेनबेर्गर याने १९३२ साली हे करून पाहिले. नगरपालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या. नोट चालू ठेवायची तर दरमहा तिच्या किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट चिकटवावे लागे, त्यामुळे ती कुणी दाबून ठेवीना. थकलेले कर भरले गेले, रस्ते झाले, पूल झाला. इतर गावेही तयारीला लागली, तेव्हा मध्यवर्ती बँकेने १९३३ साली प्रयोग बंद पाडला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ साली गेझेलची आदराने दखल घेतली आणि उणीवही दाखवली: नोटा झिजू लागल्या तर लोक बँकठेवी, परकी चलन, दागिने यांकडे वळतील. मला ही टीका पटते. तरी गावाला काम मिळाले, हे तिने पुसले जात नाही.

कॅलिफोर्नियातील वृद्ध डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांची योजना १९३३ सालची. साठी ओलांडलेल्याने नोकरी सोडावी, दरमहा २०० डॉलर घ्यावेत आणि ते महिन्याच्या आत खर्च करावेत. पैसा उलाढालीवरच्या दोन टक्के करातून यायचा होता. हिशेब बसतच नव्हता: राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मूठभर वृद्धांकडे गेला असता. पण हजारो टाउनसेंड क्लबांचा दबाव सरकारला टाळता आला नाही, आणि १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामागे तोही होता. वृद्धांच्या हलाखीवर बोट ठेवणाऱ्या डॉक्टरांचे ऋण मान्य करायलाच हवे.

१९३५ सालीच कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात मेजर डग्लस या इंजिनिअरच्या ‘सोशल क्रेडिट’ विचाराचा पक्ष निवडून आला; बाजारातला माल घेण्याइतका पैसा लोकांच्या हाती नसतो, तो सरकारने वाटावा, असा हा विचार. प्रत्येक प्रौढाला दरमहा २५ डॉलर देण्याचे त्याचे आश्वासन पुरे झाले नाही आणि बँकांवर अंकुश ठेवणारे त्याचे कायदे न्यायालयांत टिकले नाहीत. मात्र १९३८ साली त्या सरकारने उघडलेली प्रांताच्या मालकीची वित्तसंस्था आजही लोकांच्या ठेवी घेते आणि कर्जे देते.