नेम किती अचूक? कोन मोजा

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर ५० मीटर रायफलचं टार्गेट हातात घेऊन पाहा. मधल्या 'दहा'चा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर. पुण्यात सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच टार्गेटवर कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर बसून, आडवं पडून, उभं राहून, आणि तेही दुर्बिणीशिवाय.

आता ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन परिसरात लपून झाडलेल्या गोळ्यांचे हल्ले आठवा. तीन आठवड्यांत दहा ठार, तिघे जखमी, दर वेळी एकच गोळी. मारेकरी निष्णात नेमबाज असणार, असं तेव्हा बहुतेकांनी धरून चाललं. पण कौशल्य मोजायचं ते लक्ष्य किती बारीक कोनात बसतं त्यावरून. ५० मीटरवरचा 'दहा' म्हणजे एका अंशाचा साधारण ऐंशीवा भाग. त्या हल्ल्यांतली अंतरं बहुतेक १०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तिथून माणसाची छाती जवळजवळ पाव अंश भरते, म्हणजे वीसपट मोठं लक्ष्य! शिवाय सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने निघालेली गोळी एवढ्या अंतरात सहा-सात सेंटिमीटरच खाली येते. वाऱ्यालाही फारसा वाव मिळत नाही. खरी परीक्षा सुरू होते पाचसहाशे मीटरच्या पुढे.

दोघा आरोपींपैकी जॉन मोहम्मदला लष्करात रायफलचा 'एक्स्पर्ट' बिल्ला मिळाला होता, पण तो स्नायपरचा नव्हे. चुकलेली गोळीही हिशेबात धरायला हवी: २ ऑक्टोबरची पहिली गोळी एका दुकानाच्या काचेतून गेली, कुणालाच लागली नाही. अशा गोळ्या बातमीत दोन ओळींत संपतात, म्हणून नेम आहे त्याहून पक्का भासतो.

डोकं चाललं होतं ते लपण्यात. जुन्या निळ्या शेव्हरोले कॅप्रिसच्या डिकीला भोक पाडून आतूनच गोळी झाडायची आणि वाहतुकीत मिसळून जायचं. साक्षीदारांच्या सांगण्यावरून सगळे शोधत होते पांढरी व्हॅन. या गाडीचा नंबर पोलिसांनी त्या काळात अनेकदा तपासला, ८ ऑक्टोबरला तर बाल्टिमोरमध्ये आत झोपलेल्या मोहम्मदशी बोलून त्याला जाऊही दिलं. माझ्या मते हे नियोजनाचं यश कमी, चुकीच्या वर्णनाचं जास्त.

कारण नियोजन बोलघेवडं निघालं. पोलिसांना केलेल्या फोनवर त्यांनी अलाबामातल्या एका आधीच्या खुनाची बढाई मारली. तिथे सापडलेला बोटाचा ठसा दुसऱ्या आरोपीशी, सतरा वर्षांच्या ली माल्वोशी जुळला. त्यावरून मोहम्मद, मोहम्मदवरून गाडी. २४ ऑक्टोबरला दोघे पकडले गेले, रायफल गाडीतच होती.