आवाज कसला, यापेक्षा आवाज कधी

जुन्या गाडीच्या इंजिनातून अनोळखी आवाज येऊ लागला, की मालक आधी त्याचं वर्णन करू पाहतो. टकटक आहे, खडखड आहे, घरघर आहे. काही जण तर तोंडानेच तो आवाज काढून दाखवतात. मेकॅनिकला त्यातून फारसं हाती लागत नाही, कारण अगदी वेगळे बिघाड एकाच आवाजात बोलतात. ढिला टॅपेट (सिलिंडरच्या व्हॉल्व्हला, म्हणजे झडपेला, ढकलणारा भाग) आणि गळकी एक्झॉस्ट गॅस्केट (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडावरचं पातळ पॅकिंग) यांची टिकटिक नुसत्या कानाने वेगळी काढणं मुरलेल्या माणसालाही जड जातं. तो आवाज कशाबरोबर बदलतो, हे विचारलं तर मात्र दोघांची उत्तरं वेगळी येतात. इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार आणि त्याचं तापमान या तीन गोष्टी बदलून पाहायच्या, आणि प्रत्येक वेळी आवाज वाढतो, घटतो की तसाच राहतो ते टिपायचं. निदानाचं निम्मं काम इथेच होतं.

आवाज येतोय कुठून, हा प्रश्न त्यामानाने फसवा आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजारांहून अधिक. खाली क्रँकजवळ, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याजवळ, बसलेला ठोका क्षणार्धात सगळ्या ब्लॉकभर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या ठोकळ्यात, पसरतो आणि जिथे पत्रा पातळ असतो तिथून मोठ्याने बाहेर पडतो, म्हणजे वरच्या टॅपेट कव्हरमधून किंवा ऑइल साठवणाऱ्या खालच्या ऑइल सम्पमधून. बॉनेट उघडून नुसतं वाकून ऐकणाऱ्याला म्हणूनच चुकीची जागा दोषी वाटते. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मेकॅनिकचा स्टेथोस्कोपही त्याच घराण्यातला, फक्त पुढे धातूची काडी असलेला. तो नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवली तरी चालतं. हवेतून येणारा गोंगाट बाजूला पडतो आणि काडी एकेक इंच सरकवत आवाज सर्वांत तीव्र कुठे आहे ते शोधता येतं. हे करताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस बेल्टपासून लांब हवेत. विजेवर चालणारा पंखा तर न सांगता सुरू होतो.

आता फेऱ्यांचं गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे असतील तर क्रँक सेकंदाला साधारण तेरा वेळा फिरतो, पण एखादा व्हॉल्व्ह सात वेळाही उघडत नाही. म्हणून वरच्या भागातला, म्हणजे टॅपेट, रॉकर, कॅम यांचा ठोका क्रँकच्या निम्म्या गतीने पडतो, आणि खालच्या भागातला सहसा क्रँकच्याच गतीने. सेकंदाला सात आणि तेरा यांतला फरक कानाने मोजणं कठीण. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज पोहोचवणारा भाग) असलेल्या जुन्या गाड्यांवर त्यासाठी एक छान युक्ती चालते. टायमिंग लाइटची, म्हणजे प्लगच्या विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची, क्लिप पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला लावायची. दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. प्रत्येक लुकलुकीबरोबर एक ठोका पडला तर संशय वरच्या भागावर, दोन पडले तर खालच्या. मात्र ही मोजणी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर सर्वांत जोरात आपटतो तो ज्वलनाच्या स्ट्रोकला, आणि तो स्ट्रोकही दोन फेऱ्यांत एकदाच येतो. गळक्या गॅस्केटमधून सुटणारा वायूचा फुसकाराही तसाच. इथे फेरे हात टेकतात आणि भार मदतीला येतो.

भार बदलण्याचा सर्वांत बोलका मार्ग म्हणजे एकेका सिलिंडरचं काम थोडा वेळ बंद करणं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढून हे करता येतं. प्लगची वायर ओढण्याची जुनी सवय मी टाळायला सांगेन, कारण झटका बसतोच, शिवाय न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं वाटोळं करतं. सिलिंडर बंद केल्यावर टिकटिक जशीच्या तशी राहिली तर टॅपेट, कारण त्या सिलिंडरमध्ये जाळ असो वा नसो, कॅम व्हॉल्व्हला ढकलतच असतो. टिकटिक मंदावली तर एक्झॉस्टची गळती, कारण फुसकारायला दाबच उरला नाही. गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली तर मग शंका नको.

बंद सिलिंडरबरोबर एखादा खोल, जड ठोका थांबला, तर मामला पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा किंवा पिस्टनचा असू शकतो. हे बेअरिंग नीट कळण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या जवळपास जायला हवं. १८८३ साली बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरू लागताच त्याच भोकातून तेल उसळून बाहेर येऊ लागलं. त्याने लाकडी गुडदी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावल्यावर दिसलं, की तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षाही जास्त आहे. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि आस तेलावर तरंगतो. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर होते.

इंजिनातल्या रॉड बेअरिंगमध्ये ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते आणि जिथे भार सर्वाधिक तिथे तेलाचा थर अवघा काही मायक्रॉनचा. सगळं ठीक असेल तर चालू इंजिनात रॉड आणि क्रँक यांची धातूला धातू लागून भेटच होत नाही. झिजेमुळे फट वाढली की तेल कडेने निसटतं, दाब बनत नाही, आणि पिस्टन दिशा बदलतो त्या क्षणी रॉड फट ओलांडून क्रँकवर आदळतो. म्हणून हा ठोका ॲक्सिलरेटर दाबताना किंवा एकदम सोडताना, म्हणजे बलाची दिशा पालटताना, स्पष्ट होतो.

पिस्टनचा ठोका यापासून वेगळा काढायचा तर तापमान पाहावं. पिस्टन ॲल्युमिनिअमचा असतो आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनिअम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर साधारण ०.१६ मिलिमीटरने वाढतो, तेवढंच तापलेलं सिलिंडर सुमारे ०.०९ ने. म्हणजे थंडपणी असलेली फट ०.०७ मिलिमीटरने आपोआप बुजते. प्रत्यक्षात पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापतो, त्यामुळे फरक आणखी मोठा. सकाळी सुरू करताच खडखडणारा आणि काही मिनिटांत गप्प होणारा आवाज बहुधा हाच, आणि अशी गाडी वर्षानुवर्षं चालू शकते. रॉड बेअरिंगचं नेमकं उलट होतं. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि ठोका वाढतो. एक्झॉस्टची बारीक गळतीही तापल्यावर थांबते, तिथे मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडलेली एक्झॉस्टची नळी) फुगून फट मिटवतो. सुरू करताना दोन-तीन सेकंदच वाजणारी टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटची किंवा टायमिंग चेन (क्रँकने कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरची, रात्रभरात खाली उतरलेलं ऑइल पुन्हा वर पोहोचेपर्यंतची.

चढावर, जड गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की येणारी किणकिण, म्हणजेच नॉकिंग, या सगळ्यांहून निराळी आहे. तिथे धातू धातूवर आपटतच नाही. ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि आतला वायू घुमू लागतो. अमेरिकन अभियंते चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३०च्या दशकात दाखवलं, की या घुमण्याची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर आणि तापलेल्या वायूतल्या ध्वनिवेगावर ठरते. ८० मिलिमीटर व्यासाला ती सात हजार हर्ट्झच्या आसपास येते. पुढे याच ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेने अपोलो यानांची दिशादर्शक यंत्रणा बनवली. नॉकिंग थांबवण्यासाठी थॉमस मिजली यांनी १९२१ साली शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घालून पाहिलं. किणकिण थांबली, पण शिशाचं विष जगभरच्या हवेत पसरलं, आणि गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली थांबला. आजच्या इंजिनात ही वारंवारता ऐकणारा सेन्सर असतो आणि तो स्पार्कची वेळ मागे घेतो. जुन्या गाडीत तो बऱ्याचदा नसतो. तिथे टायमिंग, पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता) आणि पिस्टनवर साठलेला कार्बन तपासावा लागतो.

बेल्टची किंकाळी व्हायोलिनच्या गजासारखी: चिकटणं, सुटणं, पुन्हा चिकटणं. फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज वाढला तर बेल्ट सैल, क्षणभर थांबून परतला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आणि एका ठरावीक वेगालाच झणझणणारा, वेग त्याहून वाढला वा घटला की गप्प होणारा आवाज म्हणजे बहुतेकदा सायलेन्सरजवळच्या, उष्णता अडवणाऱ्या हीट शील्डचा सुटा पत्रा, ज्याची नैसर्गिक कंपनसंख्या त्याच फेऱ्यांशी जुळते. घाबरवण्यात याचा पहिला नंबर, दुरुस्तीत शेवटचा.

दाट ऑइल किंवा बाटलीतलं औषध ओतून ठोका दबतो, हे खरं आहे. फट तेवढीच राहते, आणि थंड इंजिनात ते दाट ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं, म्हणून विकायच्या गाडीत असं शांत इंजिन दिसलं तर डिपस्टिक काढून ऑइलचा दाटपणा जरूर पाहावा. एकाच परिस्थितीत मात्र वरचे प्रयोग करत बसू नये: जड ठोका आणि त्याच्या जोडीला ऑइलचा लाल दिवा. तेव्हा इंजिन तिथल्या तिथे बंद करावं आणि गाडी ओढून न्यावी. त्या अवस्थेत बेअरिंगचं शेल, म्हणजे त्याचं पातळ अस्तर, जागेवरून फिरू शकतं, मग क्रँक खरवडला जातो, आणि रॉड तुटला तर तो ब्लॉकची भिंत फोडूनच बाहेर येतो.