इंजिन बंद पडलं की शेपटीचा पंखा गेला?

२४ मे २०२४ ची सकाळ. केदारनाथला उतरता उतरता एक हेलिकॉप्टर हवेतच गरगर फिरायला लागलं आणि हेलिपॅडपासून साधारण १०० मीटरवर, उतारावर कसंबसं टेकलं. आत सहा यात्रेकरू आणि पायलट होते, सगळे सुखरूप. बिघाड मागच्या पंख्याच्या बाजूचा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पण असा व्हिडिओ आला की ‘इंजिन बंद पडलं’ असं कुणीतरी म्हणतंच.

इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर सहसा असं गरगरत नाही. एवढ्या वजनाचं धूड स्वतःभोवती फिरवायला ताकद लागते आणि ती चालू इंजिनाचीच असते. इंजिन वरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, एका दिशेला रेटतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून खालचं धड उलट दिशेला वळू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा, म्हणजे टेल रोटर, ते वळणं अडवून धरतो. तो गेला की धड मोकाट सुटतं. इंजिन गेलं, तर मुळात वळवणारी ताकदच नाहीशी होते. बातमीत दोन्हींना ‘तांत्रिक बिघाड’ आणि ‘इमर्जन्सी लँडिंग’ म्हणतात, पण पायलटला करायचं असतं ते बरंच वेगळं.

आधी इंजिनाचं बघू. इंजिन थांबलं की हेलिकॉप्टर थेट खाली कोसळतं, हा पक्का गैरसमज आहे. सायकलचे पायडल मारायचे थांबवले तरी फ्रीव्हीलमुळे चाक फिरत राहतं, तसाच सुटा क्लच इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये असतो. इंजिन मेलं तरी ते रोटरला धरून ठेवत नाही. पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली दाबतो. त्याने सगळ्या पात्यांचा कोन कमी होतो, आणि खाली येताना तळातून वर घुसणारी हवाच रोटर फिरता ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. शेपटीचा पंखा मोठ्या रोटरच्याच गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळे तोही फिरत राहतो आणि दिशा पायलटच्या ताब्यात राहते.

हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात हलक्या हेलिकॉप्टरमध्ये दांडा दाबायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. उशीर झाला की रोटरचे फेरे कमी होत जातात, आणि एका मर्यादेखाली गेले की ते परत मिळवता येत नाहीत. उतरण्याचा वेग मिनिटाला दीड-दोन हजार फुटांच्या आसपास असतो. म्हणजे हजार फुटांवर इंजिन गेलं तर जागा निवडायला अर्धा मिनिट, फार तर थोडं जास्त. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मारायचा आणि शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह वर ओढून रोटरमध्ये साठलेली ताकद खर्च करायची. ती एकदाच वापरता येते. थोडी आधी वापरली, तर उरलेलं अंतर नुसतंच पडायचं.

२१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये जाँ बुले या चाचणी वैमानिकाने ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. उंचीचा विक्रम झाला, पण खाली यायला ताकद कमी करताच तिथल्या थंडीत इंजिन विझलं ते पुन्हा सुरूच झालं नाही. गडी एवढ्या उंचीवरून निव्वळ ऑटोरोटेशनवर सुखरूप उतरला. याच लामाला आपण ‘चीता’ म्हणतो. एचएएल या सरकारी विमान कंपनीने परवान्याखाली बांधलेलं हे हेलिकॉप्टर सियाचेनमध्ये वर्षानुवर्षं रसद पोचवत आलं.

उलट उदाहरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री पोलिसांचं हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळलं, दहा माणसं गेली. मुख्य टाकीत ७६ किलो इंधन शिल्लक होतं, पण ते इंजिनांच्या टाक्यांकडे ढकलणारे पंप बंद होते. दोन इंजिनं, दोन्ही एकामागोमाग विझली. तपासात दिसलं की आदळताना वरचा रोटर फिरतच नव्हता. माझ्या मते या अपघाताच्या वर्णनात ‘इंजिन बंद पडलं’ यापेक्षा ‘रोटर थांबला’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. इंजिनाविना हेलिकॉप्टर उतरवता येतं, फिरत्या रोटराविना नाही.

आता शेपटीकडे. इथे सगळा खेळ त्या क्षणी वेग किती होता यावर आहे. हेलिकॉप्टर चांगल्या वेगाने पुढे जात असेल, तर शेपटीवरच्या उभ्या, न फिरणाऱ्या पंखाला (फिनला) हवा मिळते आणि नाक बऱ्यापैकी सरळ राहतं. मग पायलटला घाई नसते. वेग टिकवून धावपट्टी असलेला विमानतळ गाठायचा आणि विमानासारखं घसरत उतरायचं. इंजिन गेल्यावर मिळेल ते शेत पकडावं लागतं, इथे मात्र चांगल्या जागेसाठी पुढे जाणं शहाणपणाचं ठरू शकतं.

तेच हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असेल, तर परिस्थिती पार बदलते. इंजिन पूर्ण जोरात, पुढचा वेग शून्य, आणि शेपूट निकामी. मग ज्या इंजिनाच्या जाण्याची धास्ती आपण घेतो, तेच पायलटला स्वतःच्या हाताने बंद करावं लागतं. ताकद तोडली की वळवणारा जोर जातो, गरगरणं मंदावतं. जमिनीपासून चार-पाच फुटांवर असेल तर आदळून सुटका होते.

इंग्लंडमधल्या लेस्टरला तेवढं नशीब नव्हतं. २७ ऑक्टोबर २०१८ ला फुटबॉल क्लबचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं एडब्ल्यू१६९ जातीचं हेलिकॉप्टर स्टेडियममधून उडालं. सुमारे ४३० फुटांवर टेल रोटरचं एक बेअरिंग जाम झालं आणि पात्यांचा कोन बदलणारी जोडणी तुटली. पायलटने टेल रोटर हाताळायचं पायातलं पेडल पूर्ण दाबलं, पण त्या पेडलचा शेपटीशी संबंधच उरला नव्हता. हेलिकॉप्टर उजवीकडे गरगरत खाली आलं, पाचही जण दगावले. इंजिनं मात्र दोन्ही ठणठणीत होती.

काही वेळा यातलं काहीच नसतं. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर पडलं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने सांगितलं ते असं: उडाल्यावर वाऱ्याचा रंग बदलला, पायलटने पुन्हा उतरायचं ठरवलं आणि उतरताना ते वरून गेलेल्या तारांत अडकलं. आतले सगळे बचावले.

फोटो पाहून निदान करायच्या भानगडीतही पडू नये. जोरात आदळलं की वरची पाती लवतात आणि शेपटीचा दांडा छाटून टाकतात. मोडलेली शेपूट कारण असू शकते, तशीच ती परिणामही असू शकते.

दोन इंजिनं असली की निर्धास्त, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. एक इंजिन गेलं तर दुसरं सावरून नेतं, हे खरं. पण शेपटीपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, एकच असतो आणि टेल रोटरही एकच. नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांत दोन रोटर एकावर एक, उलट दिशांना फिरतात, त्यामुळे टेल रोटरची गरजच नाही. बाकीच्यांसाठी उपाय बेअरिंग वेळच्या वेळी तपासण्याचाच. लेस्टरनंतर काही आठवड्यांतच युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने एडब्ल्यू१६९ आणि एडब्ल्यू१८९ या दोन्हींच्या टेल रोटरची तपासणी सक्तीची केली.