चेंबर लागला, मग?

पाणी साचलं की पुण्यातल्या खड्ड्याची खोली कळत नाही, आणि गल्लीबोळातले गतिरोधक कुठल्या मापाने घातलेत ते घालणाऱ्यालाच ठाऊक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आहे. छोट्या गाडीचं पोट रस्त्यापासून साधारण १७ सेंटिमीटर वर असतं, पण हे रिकाम्या गाडीचं माप. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन सिंहगड रस्त्याला लागलात की त्यातलं बरंच स्प्रिंगा खातात. मग खालून दणका बसतो, तो बऱ्याचदा ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याला.

चेंबरमध्ये तीन-चार लिटर तेल असतं. पंप ते जाळीतून ओढून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत पोचवतो. तिथे जे घडतं ते १८८३च्या सुमारास बीचम टॉवर या ब्रिटिश अभियंत्याला योगायोगाने दिसलं. रेल्वेच्या बेअरिंगला त्याने वरून भोक पाडलं होतं. आस फिरू लागताच त्यातून तेल उसळलं. लाकडी बूच ठोकलं, तर तेलाने तेही बाहेर ढकललं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने त्याचं गणित मांडलं: फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा त्या थरावर उचलला जातो. हा थर केसापेक्षा कितीतरी पातळ. पंपाने तेल पुरवणं थांबवलं की तो तुटतो, धातूवर धातू घासतो आणि बेअरिंग जळतं.

म्हणून डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद. तो दिवा तेलाची पातळी नव्हे, दाब दाखवतो. म्हणजे तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. ‘गॅरेज तर पुढच्याच चौकात आहे’ म्हणून गाडी दामटली, तर वाढलेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बसत नाही.

गळती नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पत्र्याचा चेंबर फुटण्याआधी आत दबतो आणि तळ जाळीला भिडतो. पेल्याच्या तळाला स्ट्रॉ दाबून धरल्यासारखं होतं: तेल भरपूर, पण ओढता येत नाही. दबलेला चेंबर खोलून पाहायलाच हवा.

पत्रा ठोकून सरळ करता येतो, चीर वेल्डिंगने भरता येते. ओतीव ॲल्युमिनियम मात्र दबण्याऐवजी तडकतं, आणि त्याचं वेल्डिंग चिवट काम. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांपुढे. शिवाय छिद्रांत मुरलेलं तेल तापून जोडात बुडबुडे सोडतं. आर्गन वायू वापरून जोडणारा चांगला वेल्डर सापडला तर ठीक, नाहीतर माझं मत नव्या चेंबरच्या बाजूने. एपॉक्सीची लांबी (पुट्टी) लावून फार तर घर गाठावं. नाना पेठेत जुना चेंबर घेतलात, तर त्याची कड सपाट काचेवर ठेवून बघा. वाकडी कड कितीही आवळली तरी पाझरतेच.

चेंबर बसवताना घाई नडते ती सीलंटशी, म्हणजे जोड बंद करणाऱ्या पेस्टशी. जुना थर पूर्ण खरवडून काढायचा आणि नवा बारीक रेघेत लावायचा. जास्त झाला तर आत निघालेले तुकडे जाळीतच अडकतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. सिलिकॉन सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्याला डब्यावर लिहिलेला वेळ लागतोच. तोवर तेल भरायचं नाही, मग मालक कितीही वेळा फोन करो.