वाचलेल्याचा हिशोब: अपघाताच्या नुकसानभरपाईमागचा इतिहास

मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ उघडले की दोन आकडे दिसतात. अपघातात माणूस गेला तर पाच लाख रुपये, गंभीर जखमी झाला तर अडीच लाख. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ही रक्कम आहे. गेलेल्याला जेवढे, त्याच्या निम्मे जखमीला.

ज्या घरात असा जखमी माणूस आहे त्या घराला हा हिशोब उलटा वाटतो, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग गेलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा त्याची कमाई थांबलेली असते आणि खर्च सुरू झालेला असतो. पाठीला जखमा पडू नयेत म्हणून हवेची गादी, लघवीची नळी, फिजिओथेरपी, दर दोन तासांनी कुशीवर वळवायला कोणीतरी. हे कोणीतरी म्हणजे बहुधा बायको किंवा आई, आणि तिचीही मजुरी बुडते. डोक्याला मार लागलेला असेल तर माणूस चालता-बोलता दिसतो, पण पैसे मोजता येत नाहीत, गॅस बंद करायचे लक्षात राहत नाही. त्याला घरात एकटे सोडता येत नाही.

हा निम्म्याचा हिशोब आला कुठून ते पाहायचे तर रेल्वेच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

इंग्लंडच्या कोर्टाने १८०८ मध्ये एक नियम पक्का केला होता: माणूस मारला गेला म्हणून दिवाणी कोर्टात भरपाई मागता येणार नाही. जखमी झालेला स्वतः दावा लावू शकत होता, पण तो मेला की त्याच्याबरोबर दावाही संपत असे. रेल्वे आली, अपघातात माणसे मरू लागली आणि हा नियम लोकांना सहन होईना. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि मृताच्या बायकापोरांना हक्क मिळाला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ चा तेरावा कायदा म्हणून, तोच हक्क इथेही आला. फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट असे त्याचे नाव. पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी तो होता.

जखमी माणसाबद्दल त्यात काही नव्हते, कारण त्याला दावा लावण्याचा हक्क आधीपासून होताच. कागदावर होता. प्रत्यक्षात त्याने रीतसर दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, समोरच्याचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा आणि वर्षानुवर्षे तारखांना यायचे. खाटेवरून उठता न येणाऱ्या माणसाने. मृत्यूची भरपाई मोजायची एक रीत हळूहळू बसत गेली: कमाई किती, घरच्यांना त्यातले किती मिळत होते, किती वर्षे मिळाले असते. जिवंत माणसाचे मोजमाप मात्र ज्या त्या न्यायाधीशाच्या अंदाजावर राहिले.

याला एक वैद्यकीय कारणही आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचे वाटते. इतका जबर जखमी झालेला माणूस तेव्हा फार दिवस जगतच नसे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा पाठीच्या जखमा चिघळून थोड्याच काळात गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. तोवर प्रतिजैविकेही आली होती. मग कमरेखाली लुळा झालेला माणूस वीस-तीस वर्षे जगू शकतो, काम करू शकतो, खेळूही शकतो, हे जगाला दिसले. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये उभी राहिली, पुण्यात खडकीला जायबंदी जवानांचे पॅराप्लेजिक केंद्र १९७४ मध्ये. म्हणजे जबर जखमी होऊनही दीर्घकाळ जगणारा माणूस ही गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतलीच गोष्ट आहे. आपल्या अपघात कायद्याची मूळ चौकट त्याच्या आधीची.

जखमी शरीराला आकडा लावायचा पहिला मोठा प्रयत्न रस्त्यासाठी झाला नाही, कारखान्यासाठी झाला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्के गेली असे मानायचे, याची ती यादी. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या यादीत दोन्ही हात गेले तर १०० टक्के होते, अंगठा गेला तर ३०, एका हाताची चार बोटे गेली तर ५०. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला यामुळे निदान काहीतरी ठरलेले मिळू लागले आणि मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. हा उपकार लहान नव्हता. पण यादीला हात दिसतो, त्या हाताने माणूस काय करत होता ते दिसत नाही.

ही उणीव एका सुताराने उघडी केली. ओडिशात एका सिनेमागृहाचे नक्षीकाम करताना १९६९ मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की एकच हात गेला आहे, तर यादीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी साधा प्रश्न पुढे ठेवला: एका हाताने सुतारकाम होते का? होत नाही, म्हणजे या माणसापुरते अपंगत्व शंभर टक्के. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी हे मान्य केले. आज अपघाताच्या दाव्यात ‘फंक्शनल डिसॅबिलिटी’, म्हणजे माणसाच्या कामापुरते अपंगत्व, हा शब्द वकील रोज उच्चारतात. त्याच्या मुळाशी हा सुतार आहे.

रस्त्याचा कायदा वेगळ्या वाटेने आला. १९१४ चा पहिला मोटार वाहन कायदा मुख्यतः नोंदणी आणि परवान्याचा होता. १९३९ च्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, पण ती सक्ती प्रत्यक्ष लागू झाली १ जुलै १९४६ पासून. विम्याशिवाय भरपाईचा हुकूम म्हणजे नुसता कागद असतो, कारण ट्रकमालकाकडून वसूल काय करणार? पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद आली. लोक या न्यायाधिकरणाला नुसते ‘एमएसीटी’ म्हणतात. दिवाणी दाव्याचा पसारा गेला, नुसत्या अर्जावर काम सुरू होऊ लागले.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मात्र राहिले. ते आता नको असे मत मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात दिले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले: चालकाची चूक दाखवल्याशिवाय मालक किंवा विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाने समोरच्याची चूक कशी दाखवायची, हा प्रश्न तसाच राहिला. तो अंशतः सुटला १ ऑक्टोबर १९८२ रोजी, विनादोष भरपाईची तरतूद लागू झाली तेव्हा. मृत्यूला १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वाला ७,५००.

इथे ते निम्मे पहिल्यांदा आले, आणि मग जवळजवळ हललेच नाही. १९८८ चा नवा कायदा: २५,००० आणि १२,०००. १९९४ ची दुरुस्ती: ५०,००० आणि २५,०००. २०१९ ची दुरुस्ती: पाच लाख आणि अडीच लाख. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत तर आजही मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, म्हणजे चौथाईच. शिवाय ‘गंभीर दुखापत’ या शब्दाचा अर्थ भारतीय दंड संहितेच्या व्याख्येवरून घेतलेला (१ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे). त्या व्याख्येत तुटलेला दातही बसतो आणि गळ्याखालचे सगळे शरीर निकामी झालेला माणूसही. दोघांना रक्कम एकच.

१९९४ मध्ये आणखी एक सोय आली. ४० हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तयार कोष्टक दिले गेले. त्यात गंभीर दुखापतीच्या वेदनांसाठी ५,००० रुपये आणि औषधोपचारासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये होते. हे कोष्टक मे २०१८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, जसेच्या तसे राहिले. त्या काळात एका दिवसाच्या आयसीयूचे बिल कुठून कुठे गेले ते ज्याने भरले त्यालाच विचारावे. २०१८ च्या बदलात मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व दोन्हींचा पाया पाच लाखांचा धरला होता. माझ्या मते विनादोष भरपाईच्या इतिहासात जखमी माणसाला एवढे एकदाच बरोबरीने मोजले गेले. २०१९ च्या दुरुस्तीने हे कोष्टक ज्या कलमाखाली होते ते कलमच गेले आणि निम्म्याचा हिशोब परतला.

कायदेमंडळाने जे केले नाही ते बरेचसे कोर्टांनी केले, कलम १६६ खालच्या दाव्यांमधून. या दाव्यात चूक सिद्ध करावी लागते, पण रकमेला कमाल मर्यादा नाही. ‘न्याय्य भरपाई’ एवढेच कायदा म्हणतो. १९९५ मध्ये ५२ वर्षांच्या एका वकिलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. अपघातात त्यांच्या कमरेखालची संवेदना गेली होती. त्या निकालाने नुकसानीचे दोन भाग स्पष्ट मांडले. पहिला भाग पैशात मोजता येणारा: उपचार, बुडालेली कमाई, इतर खर्च. दुसरा न मोजता येणारा: वेदना, चालता-पळता-बसता न येणे, आयुष्य कमी होणे, मनाची कोंडी. आज न्यायाधिकरणाच्या निकालपत्रात जे शीर्षकवार रकाने असतात ते बहुतांशी इथून आले आहेत.

आपल्याकडे भरपाई एकदाच ठरते. पाच वर्षांनी प्रकृती ढासळली म्हणून परत अर्ज करता येत नाही. पाय गमावलेल्या एका दावेदाराच्या प्रकरणात २००२ मध्ये न्यायालयाने हे लक्षात घेतले. कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, तर तो पुढचा खर्च आजच धरला पाहिजे. आणि अर्जात कमी रक्कम मागितली असेल तरी योग्य असेल तेवढी जास्त द्यायला कायद्याची आडकाठी नाही. कोर्टाच्या दारात पहिल्यांदाच आलेल्या माणसासाठी हे दुसरे वाक्य फार मोलाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने गुणकाचे, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला कितीने गुणायचे त्या आकड्याचे, कोष्टक ठरवून दिले: १५ ते २५ वयाला १८, मग उतरत जात ६६ ते ७० वयाला ५. ऑक्टोबर २०१० मध्ये सुताराचा धागा परत वर आला. डावा हात गेला तर वैद्यकीय टक्केवारी ६० असेल, पण चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी उचलून थेट गुणाकार करू नका, असे न्यायालयाने बजावले. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने रोजंदारीवाल्याच्या आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या भावी उत्पन्नातली वाढही धरायला लावली. चाळिशीच्या आतल्याला ४० टक्के.

आणि मग २०२० मधले हरियाणातील मुलीचे प्रकरण. २००७ मध्ये अपघात झाला तेव्हा ती १२ वर्षांची होती. मेंदूला अशी इजा झाली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने सुमारे पावणेसव्वीस लाख, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. हा फरक पडला कशाने? तिला सांभाळायला दिवसरात्र मिळून दोन माणसे लागतील, त्यांना दरमहा पाच-पाच हजार द्यावे लागतील, हे न्यायालयाने मांडले आणि त्या रकमेलाही १८ चा गुणक लावला. नुसत्या सांभाळण्याचे २१ लाख ६० हजार झाले. आईबाप सांभाळतातच, त्याचे पैसे कसले, हा विचार इथे मागे पडला. सुरुवातीला ज्या ‘कोणीतरी’चा उल्लेख केला, तिच्या कामाला अखेर किंमत लागली.

हे सगळे मिळवायचे तर अर्ज वेळेत जायला हवा, आणि इथे कायदा परत मागे वळला आहे. १९९४ मध्ये दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि उशीर माफ करण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. मेंदूच्या इजेत सहा महिन्यांनी तर घरचे जेमतेम दवाखान्याच्या व्हरांड्यातून बाहेर पडलेले असतात. सुधारणा कुठे थांबेल हे डॉक्टरही तेव्हा सांगत नाहीत. या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. अंतिम निकालापर्यंत त्यावर विसंबून बसणे धोक्याचे आहे. अर्ज करायला अपंगत्वाचा दाखला हातात असलाच पाहिजे असे नाही. तो पुराव्याच्या वेळी देता येतो.

१ एप्रिल २०२२ च्याच नियमांत एक दार उघडेही आहे. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि असा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानावा असे कलम १६६ सांगते. आपल्या माणसाचा अहवाल गेला की नाही हे ठाण्यात जाऊन विचारायचा आणि त्याची प्रत मागायचा हक्क घरच्यांना आहे. ते विचारायला जखमीच्या खाटेजवळून उठून जाईल असा दुसरा माणूस घरात असतोच असे नाही. म्हणून शेजाऱ्याने, मित्राने, भावकीतल्या कोणी तो हेलपाटा घातला तरी चालतो.